सिंथेटिक ऑइल टाकूनही डिझेल गाड्यांचा मेंटेनन्स खर्च कमी होत नाही? आधी हे तपासा

ट्रान्सपोर्टवाल्या मित्रांकडून एकच तक्रार परत परत ऐकायला मिळते. ऑइलचा माणूस आला, म्हणाला मिनरल म्हणजे साधं ऑइल सोडा, फुल सिंथेटिक टाका, इंजिन जास्त चालेल, ॲव्हरेज वाढेल, खर्च खाली येईल. शेठनी ऐकलं, सगळ्या गाड्यांत टाकलं, आणि वर्षअखेरीला हिशोब काढला तर ऑइलचं बिल डबल आणि गॅरेजचं बिल आहे तिथंच. मग परत मिनरल, आणि दोन वर्षांनी परत दुसरा माणूस दुसऱ्या ब्रँडचं कॅटलॉग घेऊन दारात. मी कळंबोलीला ट्रेलर, टिपर आणि पिकअप असा मिक्स फ्लीट सांभाळतो आणि माझं मत पक्कं आहे की सिंथेटिकनं खर्च खरंच कमी होतो, पण तो कमी होतो दोन ऑइल चेंजमधलं अंतर वाढवल्यामुळं, आणि ते अंतर वाढवायच्या आधी तुमच्या इंजिनात ऑइल नेमकं कशामुळं खराब होतंय हे शोधावं लागतं. हे शोधायचं काम जवळजवळ सगळे टाळतात, आणि पैसे तिथंच जातात.

आधी सरळ हिशोब करू. आकडे समजा म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही टाका. जुना बीएस-४ (भारत स्टेज या प्रदूषण नियमांचा आधीचा टप्पा) ट्रक, वर्षाला ८०,००० किमी, चेंबरमध्ये २० लिटर ऑइल बसतं, मिनरल २५० रुपये लिटर आणि सिंथेटिक ५००. मिनरलवर २०,००० किमीला चेंज म्हणजे वर्षात ४ वेळा, २०,००० रुपये. त्याच २०,००० किमीला सिंथेटिक बदलत राहिलात तर ४०,००० रुपये, म्हणजे १५ गाड्यांचा फ्लीट असेल तर वर्षाला ३ लाख रुपये उगाच जास्त गेले. बहुतेक लोक इथंच अडकलेले असतात, कारण ऑइल बदललं पण मेस्त्रीनं रजिस्टरमधला किलोमीटरचा आकडा बदललाच नाही, ड्रायव्हर सवयीनं त्याच आकड्याला गाडी आणून लावतो आणि चांगलं ऑइल ड्रममध्ये ओततो. आता ४०,००० किमीला नेलं तर ऑइलचा खर्च परत २०,००० च, म्हणजे ऑइलमध्ये एक रुपया पण वाचला नाही. वाचतं ते फिल्टरमध्ये, मजुरीत, आणि गाडी यार्डात उभी राहते त्या दिवसांत. फिल्टर सेट २,००० चा धरला तर ८,००० चे ४,००० झाले, आणि वर्षातले दोन दिवस गाडी जास्त लोडवर गेली. ट्रेलरच्या एका दिवसाचं भाडं किती ते तुम्हाला माहितीये, खरी बचत तीच आहे.

ॲव्हरेजचं पण इथंच सांगून टाकतो. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या जाडसर ग्रेडवरून पातळ ग्रेडवर गेलं की साधारण टक्का-दीड टक्का डिझेल वाचू शकतं. ऐकायला काहीच नाही, पण ४ किमीच्या ॲव्हरेजनं ८०,००० किमीला २०,००० लिटर डिझेल लागतं, ९० रुपयांनी १८ लाख, त्याचा एक टक्का म्हणजे १८,००० रुपये, जवळजवळ वर्षभराच्या ऑइलएवढे. अडचण एवढीच की हा एक टक्का टाकी फुल करून मोजता येत नाही, टायरमधली हवा, लोड, घाट आणि ड्रायव्हरचा पाय यांनी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. त्याच्यामुळं महिनाभरात ॲव्हरेज वाढलं असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आणि वाढलं नाही म्हणून ऑइललाही दोष देऊ नका. सारख्या रूटच्या चार-पाच गाड्यांचा वर्षभराचा आकडा एकत्र बघितला तर थोडाफार अंदाज येतो.

आता मुख्य गोष्ट, इंटरव्हल म्हणजे दोन चेंजमधलं अंतर वाढवायला गेलं की अडतं कुठं.

सगळ्यात पहिलं, काळं ऑइल म्हणजे गेलेलं ऑइल हा समज काढून टाका. डिझेल इंजिनात नवीन ऑइल थोडं चाललं की काळं होतंच, कारण जळताना तयार होणारी काजळी पकडून धरायचं काम ऑइलचंच आहे. ती काजळी ऑइलमध्ये तरंगत राहिली तर ऑइल काम करतंय, ती एकत्र येऊन गाळ झाली तर ऑइल संपलं. डीपस्टिक काढून बोटावर घासून मेस्त्री जे सांगतो त्याच्यावरून हे कळत नाही. त्याच्यापेक्षा फिल्टर पेपर घ्या, जाडसर टीपकागद चालतो, गरम इंजिनातला एक थेंब टाका आणि रात्रभर आडवा ठेवा. सकाळी काळा रंग मधून बाहेरपर्यंत हळूहळू फिका होत पसरलेला दिसला तर ठीक आहे. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि त्याची कडा एकदम तुटक दिसली तर काजळी धरून ठेवायची ताकद गेली. आणि बाहेरच्या बाजूला रुंद, तेलकट, फिकी कडा आली तर डिझेल मिसळतंय असं समजा. ही टेस्ट लॅबची बरोबरी करत नाही पण खर्च शून्य आहे, आणि कुठली गाडी आधी बघायची हे त्याच्यावरून नक्की ठरवता येतं.

डिझेल मिसळणं हा आमच्या लाइनवरचा सगळ्यात मोठा त्रास. जेएनपीटी बंदराच्या लाइनीत ट्रेलर तासन् तास इंजिन चालू ठेवून उभे, उन्हाळ्यात तर ड्रायव्हर इंजिन बंद करतच नाही आणि त्याला तरी काय बोलणार, केबिनमध्ये भाजून निघतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, ते चांगलंच झालं, माणसाला बसवत तरी येईल, पण उभ्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागणार आणि त्याचा हिशोब आता ऑइलच्या इंटरव्हलमध्ये धरावाच लागेल. आयडलिंगला सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, थोडं रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि काजळीही वाढते. बीएस-६ (आताचा टप्पा) पिकअप आणि छोट्या गाड्यांत अजून एक प्रकार होतो. डीपीएफ, म्हणजे एग्झॉस्टमधला काजळी पकडणारा फिल्टर, भरला की रीजनरेशनसाठी, म्हणजे ती काजळी जाळून टाकायला, बऱ्याच मॉडेलमध्ये सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल मारलं जातं, म्हणजे एग्झॉस्ट तापून काजळी जळते. शहरातल्या शहरात डिलिव्हरी करणारी गाडी, दर वीस मिनिटांनी इंजिन बंद, रीजनरेशन अर्धवट तुटतं, परत सुरू होतं, परत तुटतं आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये.

याची खूण सोपी आहे, ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी, सपाट जागेवर, रोज एकाच ठिकाणी गाडी उभी करून डीपस्टिक बघा. लेव्हल वर चढतीये आणि वास डिझेलचा येतोय तर सिंथेटिक टाकून काहीही होणार नाही, महागडं ऑइल पण पातळच होणार. तिथं उपाय वेगळे. रीजनरेशनचा दिवा लागला की गाडी एक्स्प्रेस-वेवर किंवा जिथं सलग चालेल तिथं काढून ते पूर्ण होऊ द्यायचं, डिझेल मारणारे नोझल चेक करून घ्यायचे, टपकणारा एखादा नोझल एकटा सगळं ऑइल खराब करतो. लाइनीत लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद करायची ड्रायव्हरला सवय लावायची, आणि ती सवय लागावी म्हणून केबिनमध्ये बॅटरीवरचा चांगला पंखा मालकानंच बसवून द्यावा. मला हे फार मनापासून सांगायचंय, पंख्याला पैसे खर्च करायला नको म्हणणारा मालक त्याच्या कितीतरी पट डिझेल आणि ऑइलमध्ये घालवतो.

याच्यात अजून एक गफलत होते, ती ऑइलचं सॅम्पल लॅबला देऊन रिपोर्ट वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. डिझेलनं ऑइल पातळ होतं आणि काजळीनं घट्ट होतं. दोन्ही एकाच वेळी चालू असेल तर व्हिस्कॉसिटीचा (घट्टपणाचा) आकडा अगदी नॉर्मल दिसतो आणि सगळे निवांत बसतात. त्याच्यामुळं रिपोर्टमध्ये फ्युएल डायल्यूशन (मिसळलेलं डिझेल) आणि सूट (काजळी) हे दोन आकडे वेगळे मागून घ्या.

दुसरा मोठा त्रास धुळीचा. क्रशरवर, खाणीत, उसाच्या शेतातल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांना हे जास्त, आणि इथं ऑइलचा ब्रँड कुठलाही असो, रिंग आणि लायनर घासणारच. रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं दिसतं, आणि सोबत ॲल्युमिनियम पण वाढलं असेल तर ती धूळच, कारण मातीत दोन्ही असतात. नुसतं सिलिकॉन वाढलंय आणि नुकतंच इंजिन काम (इंजिन खोलून दुरुस्ती) झालंय तर बहुतेक वेळा ते गॅसकेटला लावलेल्या सिलिकॉन पेस्टचं असतं, घाबरू नका, पुढच्या सॅम्पलला खाली येतं. आमच्या एका टिपरला एअर फिल्टर नवीन, जाळी नवीन, तरी सिलिकॉन खालीच येईना, शेवटी एअर क्लिनर ते टर्बोच्या मधला रबरी होज काढून बघितला तर क्लिपच्या खाली बारीक चीर होती, बाहेरून दिसतच नव्हती. होज आणि क्लिप बदलल्यावर आकडा खाली आला. अशा चिरेकडं लक्ष गेलं नाही तर त्या गाडीचं इंजिन काम दोन वर्षं आधी निघतं, आणि तेव्हा दोष मात्र ऑइलला देतात. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेनं सारखा फुंकायची सवय पण सोडा, कागदाला भोकं पडतात.

कूलंट ऑइलमध्ये येत असेल, म्हणजे रिपोर्टमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं, किंवा झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर बाकी काही बघत बसू नका, हेडगॅसकेट आणि ऑइल कूलर आधी. तांबं एकटं वाढलं तर लगेच बेअरिंग खोलायला जाऊ नका, ऑइलचा प्रकार बदलल्यावर ऑइल कूलरमधून तांबं काही काळ सुटतं. तांब्यासोबत शिसं पण चढत असेल तर मात्र बेअरिंग.

आता ऑइल कुठलं, याच्यावर थोडं थांबू, कारण बीएस-६ आल्यापासून इथं चुकीचं टाकलं की नुकसान लाखात जातं. डब्यावर सिंथेटिक लिहिलंय का हे नंतर बघा, आधी एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) वर्ग बघा. सीआय-४ हे २००२ च्या काळातलं, डीपीएफ यायच्या आधीचं. सीजे-४ आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेलं सीके-४ हे डीपीएफवाल्या इंजिनासाठी, त्यांच्यात सल्फेटेड ॲश १ टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत. ही ॲश म्हणजे काय, तर ऑइलमध्ये टाकलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक वगैरे ॲडिटिव्हची राख. इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, आणि ती राख जाऊन डीपीएफमध्ये बसते. काजळी रीजनरेशनमध्ये जळून जाते, राख कधीच जळत नाही. मग डीपीएफ लवकर चोक, रीजनरेशन सारखं सारखं, त्याच्यामुळं परत ऑइलमध्ये डिझेल, बॅक प्रेशर वाढलं की ॲव्हरेज गेलं, शेवटी डीपीएफ काढून साफ करायला पाठवायचा किंवा नवीन बसवायचा, आणि नव्या डीपीएफच्या किमतीत फ्लीटचं वर्षाचं ऑइल येईल. त्याच्यामुळं बीएस-६ गाडीत सीआय-४ चं सिंथेटिक टाकण्यापेक्षा सीके-४ चं साधं मिनरल हजार पटीनं बरं. सीके-४ जुन्या बीएस-३, बीएस-४ गाड्यांत पण चालतं, म्हणजे सगळ्या गाड्यांच्या मॅन्युअलला मान्य असेल तर मिक्स फ्लीटला एकच ऑइल ठेवता येतं आणि गोडाउनमध्ये चुकीचा ड्रम उघडला जायची भीती राहत नाही. एफए-४ लिहिलेलं मात्र मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलं असेल तरच, ते मुद्दाम पातळ बनवलेलं असतं आणि जुन्या इंजिनाला चालत नाही.

आणि हे सगळं व्यवस्थित केल्यावर पाणी कुठं फिरतं तर टॉप-अपला. गाडी गुजरातच्या वाटेवर, ऑइल कमी झालं, ड्रायव्हरनं हायवेवरच्या दुकानातून मिळेल ते लूज ऑइल दोन लिटर ओतलं. मिसळल्यानं इंजिन लगेच बंद पडत नाही पण ज्याच्यासाठी डबल पैसे दिले ते अर्धं गेलं, आणि लो-ॲशचा फायदा पण गेला. प्रत्येक गाडीत त्याच ऑइलचा ५ लिटरचा सीलबंद डबा द्या आणि किती टाकलं ते लिहून घ्या. रिकामे डबे आणि बकेट भंगारात देताना कापून द्या, त्यांच्यातच नकली माल भरून परत बाजारात येतो. काढलेलं जुनं ऑइल पण कुणालाही विकू नका, ते घातक कचऱ्याच्या नियमात येतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती ठेवायची.

इंटरव्हल वाढवायचा कसा, तर एकदम दुप्पट करायचा नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मॅन्युअलच्या बाहेर जाऊच नका, तसंही नवीन मोठ्या गाड्यांना कंपनीच लांब इंटरव्हल देते. वॉरंटी संपलेल्या, एकाच रूटवर चालणाऱ्या, ऑइल न खाणाऱ्या तीन-चार गाड्या निवडा. पहिलं सिंथेटिक जुन्याच इंटरव्हलला काढा, कारण ते आतला जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर लवकर भरतो. दुसऱ्या भरणीपासून जुन्या इंटरव्हलला ऑइल न बदलता फक्त सॅम्पल काढा, इंजिन गरम असताना, डीपस्टिकच्या नळीतून पिचकारीनं, स्वच्छ बाटलीत, आणि बाटलीवर किलोमीटर, तास आणि टॉप-अप लिहा. मोठं गिऱ्हाईक असाल तर बऱ्याच ऑइल कंपन्या ही टेस्ट करून देतात, आधी दरासोबत हेच ठरवून घ्या. बघायचं काय, तर टीबीएन (ऑइलची ॲसिड मारायची ताकद) नव्याच्या निम्म्याच्या वर आहे का, सूट ३ टक्क्यांच्या आत आहे का, डिझेल मिसळलंय का, आणि लोखंड आधीच्या सॅम्पलपेक्षा एकदम उडी मारतंय का. ठीक असेल तर अजून ५,००० किमी, परत सॅम्पल. एका रिपोर्टवरून निर्णय घेऊ नका, दोन-तीन रिपोर्ट ओळीनं लावल्यावर कळतं.

टीबीएनला आता आधीएवढं घाबरायचं कारण नाही, बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५०) सल्फर असायचं, बीएस-४ ला ५०, आणि २०२० पासून देशभर १० पीपीएमचं मिळतं, त्याच्यामुळं ॲसिड कमी तयार होतं आणि टीबीएन हळू उतरतो. जुन्या मेस्त्रींचे इंटरव्हल त्या जुन्या डिझेलच्या काळातले आहेत, त्यांच्या वेळी ते बरोबरच होते.

किलोमीटरवर पण आंधळा विश्वास नको. हायवेचा ट्रेलर ४ च्या ॲव्हरेजनं २०,००० किमीत ५,००० लिटर डिझेल जाळतो, आणि अडीचच्या ॲव्हरेजचा टिपर तेवढ्याच किलोमीटरला ८,००० लिटर. ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, जेवढं डिझेल जळलं तेवढी काजळी त्याच्यात आली. आम्ही टिपरसाठी किलोमीटर सोडूनच दिलेत, ऑइल चेंजपासून किती लिटर डिझेल भरलं त्याच्यावर ठरवतो, पंपाच्या बिलांमधून आकडा आयता मिळतो.

सिंथेटिकचा खरा फायदा दिसतो तो गरम, भरलेल्या, सलग चालणाऱ्या गाड्यांत. कसारा किंवा खंबाटकी लोड घेऊन चढणारा ट्रक, टर्बो लालबुंद, तिथं मिनरल लवकर जाड होतं आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये कोळसा धरतो, सिंथेटिक टिकतं आणि उडूनही कमी जातं म्हणून टॉप-अप पण कमी. तरी घाट चढून लगेच इंजिन बंद करायचं नाही, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवायचंच. थंडीतल्या स्टार्टचा फायदा सांगतात तो आपल्याकडं फारसा नाही, १५डब्ल्यूची चाचणीच उणे २० डिग्रीला होते, लेह-श्रीनगर लाइनच्या गाड्यांनी त्याचा विचार करावा. गिअरबॉक्स आणि क्राउनमध्ये (मागच्या एक्सलच्या गिअरमध्ये) मात्र काजळी नाही, डिझेल नाही, तिथं कंपनीनं मान्य केलेलं सिंथेटिक बिनधास्त टाका, तिथला इंटरव्हल वाढवताना एवढी डोकेफोड लागत नाही.

आणि ज्या गाडीचं इंजिन थकलंय, ब्रीदरमधून धूर मारतंय, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खातंय, सील कडक होऊन पाझरतायत, तिच्यात सिंथेटिक टाकूच नका. तिथं ऑइल जुनं व्हायच्या आधीच जळून जातं, इंटरव्हल वाढवायचा प्रश्नच येत नाही, आणि पातळ ग्रेडनं गळती वाढते. डीपीएफ नसलेली जुनी गाडी असेल तर इंजिन काम होईपर्यंत चांगल्या कंपनीचं सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० मिनरल वेळेवर बदलत राहा, आणि सिंथेटिकला लागणारे पैसे त्या इंजिन कामासाठी बाजूला टाका.